आवळलेलं म्यान

सुरीचं प्लॅस्टिकचं म्यान सैल झालं की लोक म्हणतात, ‘वापरून झिजलं.’ माझा धंदा प्लॅस्टिकचा, त्यामुळे असं म्यान हाती आलं की मी आधी त्याची आतली बाजू उजेडात धरतो. मूठ घासते तिथे खरखरीत प्लॅस्टिक चकचकीत झालेलं असतं, म्हणजे झीज असतेच. पण ती बहुधा केसभर. बाकीचा सैलपणा सुरी आत नुसती पडून असताना आलेला असतो.

हातानं घडवलेली बरीचशी म्यानं कायडेक्सच्या पत्र्याची असतात. पीव्हीसी आणि ॲक्रिलिक यांचं हे मिश्रण अमेरिकेतल्या रोम अँड हास कंपनीनं १९६५ मध्ये विमानांच्या अंतर्भागासाठी काढलं. पत्रा १६०-१८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, सुरीवर घालून फोममध्ये दाबायचा आणि गार होईपर्यंत सोडायचा नाही. मग मुठीपुढच्या खाचेत पत्र्याचा एक उंचवटा उतरतो. सुरी आत ढकलली की पत्रा क्षणभर फाकतो, उंचवटा खाचेत बसतो आणि ‘टक्’ असा आवाज येतो.

कारागिराची पारख इथेच होते. सुरी बसल्यावर पत्रा मूळ जागी परतला, तर त्याच्यावर ताण उरत नाही. पण गिऱ्हाइकाला घट्ट म्यान आवडतं, म्हणून काही जण पत्रा सुरीला सतत आवळत राहील असा घडवतात. दुकानात ते झकास वाटतं. कायमच्या ताणाखाली प्लॅस्टिकचे लांबलचक रेणू मात्र हळूहळू सरकून जागा करून घेतात. वरून आकार तोच दिसतो, आतला जोर ओसरलेला असतो. उष्णतेत हे भराभर घडतं. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या फार खाली नसतो. शिवाय हे प्लॅस्टिक पोलादाच्या निदान चार-पाच पट प्रसरण पावतं. त्यामुळे भर दुपारी किंचित सैल लागलेलं म्यान पहाटेच्या गारठ्यात पुन्हा घट्ट वाटू शकतं. असं म्यान दुरुस्तीला आणू नये.

खरोखर सैल झालं असेल तर आधी स्क्रू बघावेत. काही म्यानांत स्क्रूखाली रबराचा वॉशर असतो. स्क्रू अर्धा फेरा पिळला की काम भागतं. नाहीतर हीट गन, तीही फक्त उंचवट्यापाशी. सुरी आत ठेवून, जाड हातमोज्यानं दाबून गार होऊ द्यायचं. उत्साहाच्या भरात सगळं म्यान तापवलं, तर पत्रा पुन्हा सपाट व्हायला बघतो आणि असलेली पकडही जाते.

कारखान्यात साच्यातून निघालेली स्वस्त म्यानं बरेचदा पॉलिप्रॉपिलीनची असतात. त्यांना हा उपाय लागू नाही. हे प्लॅस्टिक नेहमीच्या तापमानालाही ताणाखाली सहज सरकतं. तापवायला जावं तर बराच वेळ दाद देत नाही आणि १६० अंशांच्या पुढेमागे एकदम वितळतं. तशा म्यानाला मी हीट गन लावत नाही. आडवा पट्टा शिवून घ्या म्हणतो, नाहीतर नवं घ्या.