एक छप्पन फुटी, एक बत्तीस फुटी

गोव्याला गेलात की जुन्या गोव्यातली मोठमोठी चर्चेस तुम्ही बघालच. ती बघून झाली की आई-बाबा म्हणतील, "चला आता बीचवर!" तेव्हा जरा हट्ट करा आणि व्हाइसरॉयच्या कमानीखालून मांडवीच्या धक्क्यावर उतरा. फेरीबोट उभी असेल. काही मिनिटांत तुम्ही पलीकडे दिवाडी बेटावर. खाजणातली भातशेती, काठाला खारफुटी, बगळे. इथून कुणी पृथ्वीप्रदक्षिणेला जाईल असं स्वप्नातही वाटणार नाही!

पण याच बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा जहाजबांधणीचा कारखाना आहे आणि तिथे दोन शिडाच्या होड्या जन्मल्या. पहिली 'म्हादेई', लांबी 56 फूट. ती 2009 साली नौदलात दाखल झाली. (मांडवीचंच वरच्या अंगाचं नाव म्हादेई, बरं का.) दुसरी 'थुरिया', लांबी 32 फूट, 2017 सालची. दोन्ही होड्यांवर एकच खलाशी एकटा गेला: नौदलाचे अभिलाष टॉमी. म्हणून तर या दोघींची तुलना करायला मजा येते. माणूस तोच, समुद्र तोच, बदलली ती होडी.

मोठी होडी जोरात जाते, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण का? होडी पाणी कापत जाते तेव्हा नाळेपाशी एक लाट उठते आणि मागे दुसरी. वेग वाढला की या लाटा लांब होत जातात आणि शेवटी होडी आपल्याच दोन लाटांमधल्या खड्ड्यात अडकते. होडी जितकी लांब, तितकी ही वेळ उशिरा येते. गणित सोपं आहे. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि 1.34 ने गुणा. वेग नॉटमध्ये येतो. समजा लांबी 25 फूट असेल तर 5 गुणिले 1.34, म्हणजे 6.7. आणि 49 फूट असेल तर 9.4. फरक जेमतेम पावणेतीन नॉटचा. पण होडी रात्रीही थांबत नाही! दिवसाला साठ-पासष्ट सागरी मैल, असे महिनोन् महिने.

म्हादेईवर अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 रोजी मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता 31 मार्च 2013 रोजी मुंबईला परतले. 151 दिवस. त्याच्या खूप आधी, 1968-69 साली, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे इंग्रज खलाशी न थांबता एकट्याने पृथ्वी फिरणारे पहिले ठरले. त्यांना लागले 312 दिवस. त्यांची 'सुहेली' 32 फुटांची, सागवानी आणि आपल्या मुंबईत बांधलेली! थुरिया ही तिचीच प्रतिकृती.

मग सगळे मोठीच होडी का घेत नाहीत? म्हादेईची डोलकाठी 25 मीटर उंच आहे, म्हणजे आठ मजली इमारतच म्हणा. तिचं भलंमोठं शीड भर वाऱ्यात, अंधारात, एकट्याने आवरायचं म्हणजे काय होत असेल! थुरियाला दोन डोलकाठ्या होत्या, म्हणून शिडं वाटली गेली, छोटी झाली. एक उतरवलं तरी दुसरं चालू. तोल गेला तर लहान खोलीत हात टाकाल तिथे धरायला काहीतरी असतं. मोठ्या खोलीत माणूस पार पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळतो. पण लहान होडीत अन्नपाण्याला जागा कमी आणि ती हलतेही जास्त.

1 जुलै 2018 रोजी फ्रान्सहून एक शर्यत निघाली, गोल्डन ग्लोब. नियम अजब: होडी 32 ते 36 फुटांचीच हवी, वाट शोधायची ती सूर्य-ताऱ्यांकडे बघून. जीपीएस पेटीत सीलबंद. अभिलाष थुरिया घेऊन निघाले. 21 सप्टेंबरला, हिंदी महासागराच्या दक्षिण भागात, त्यांना वादळाने गाठलं. लाटा सुमारे 14 मीटर उंच.

आता पुन्हा थोडं गणित. होडीच्या लांबीच्या निम्म्याहून थोडी जास्त उंचीची फुटती लाट आडवी येऊन आदळली, तर ती होडी उलटवू शकते. थुरियाला म्हणजे अठरा-एकोणीस फुटांची लाट पुरे. म्हादेईला बत्तिसेक फुटांची लागेल. आणि त्या दिवशीच्या लाटा होत्या शेहेचाळीस फुटांच्या! इतक्या लाटेपुढे म्हादेईसुद्धा लहानच.

थुरिया उलटली, पुन्हा सरळ झाली, पण डोलकाठ्या मोडल्या होत्या. अभिलाष यांच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला होता. उठून उभं राहता येईना. कसाबसा त्यांनी निरोप पाठवला. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांच्या 36 फुटी होडीच्याही डोलकाठ्या गेल्या, तरी हा माणूस तशा मोडक्या होडीतून अभिलाष यांच्याच दिशेने निघाला! आपल्या नौदलाच्या विमानाने वरून थुरिया शोधली आणि 24 सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने दोघांनाही उचललं. थुरिया मात्र तिथेच राहिली.

पुढे ऑपरेशन झालं, पाठीत टायटॅनियमच्या सळ्या बसवल्या. पुन्हा चालण्यापासून सुरुवात.

तुम्हाला वाटेल, आता हा माणूस किमान आठ मजली डोलकाठीच मागेल. पण सप्टेंबर 2022 मध्ये तीच शर्यत पुन्हा निघाली, तेव्हा ते 'बायानात' नावाच्या होडीवर होते. लांबी 36 फूट, फक्त चार फूट जास्त. 29 एप्रिल 2023 रोजी ते परतले, शर्यतीत दुसरे आले. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन न्यूशेफर. त्यांचीही होडी 36 फुटांचीच.