पंक्चरवाल्याची हवा

रस्त्याकडेच्या घरात सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. कॉम्प्युटरच्या पोटातली धूळ मात्र कुणाला दिसत नाही. पंखा घरघरतो, प्रोसेसर तापतो आणि एक दिवस आईचा मसाल्यांचा हिशेब अर्धा झालेला असताना यंत्र एकदम बंद पडते. आजोबांचे फोटोही त्यातच, दुसरीकडे कुठेच नाहीत.

चिरंजीवांना लगेच युक्ती सुचते. "बाबा, नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेऊ या. एका झोतात साफ!" बाबा स्कूटरची किल्ली शोधू लागतात.

आईने इथेच आडवे यावे. हवा दाबून भरली की तिच्यातली वाफ गार होऊन पाणी बनते आणि टाकीच्या तळाशी साचते. पावसाळ्यात तर जास्तच. खालची तोटी उघडून ते काढून टाकले नाही, तर झोताबरोबर बाहेर येते, कधी पंपाच्या तेलासकट. टायरला त्याचे काही नसते, मदरबोर्डला असते. शिवाय त्या जोराने पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडू शकते.

गार झालेले यंत्र बहुधा पुन्हा सुरू होते. तेव्हा आधी फोटो पेनड्राइव्हवर उतरवावेत. मग प्लग काढून यंत्र गॅलरीत न्यावे, नाकाला रुमाल बांधावा, पंख्याचे पाते बोटाने धरावे आणि कॅमेऱ्याच्या रबरी फुग्याने, मऊ ब्रशने धूळ उडवावी. पॉवर सप्लायचा डबा उघडू नये; प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

बाबांची हौस राहिलीच असेल, तर त्यांनी नाक्यावर जाऊन स्कूटरच्या चाकांत हवा भरून आणावी.