पाठीमागचा उजेड

विडी कामगारांच्या घरकुलातल्या घरांना खोल्या वाढवून देण्याची कामं मी सोलापूरजवळच्या कुंभारीत बरीच केली. दर नकाशात एकच गोष्ट मला अडवते: पुढच्या खोलीतल्या खिडकीचं सिल. तीन फुटांवर धरलं, की मांडीवर सूप घेऊन विड्या वळत खाली बसलेल्या बाईच्या डोक्यावरून उजेड निघून जातो. खाली घेतलं, की पावसाचे शिंतोडे आणि रस्त्यावरच्या नजरा. मे महिन्यातल्या झळांचं तर बोलायलाच नको.

ऑफिसात नवी आलेली मुलगी विडी कामगाराची लेक. नकाशा बघून म्हणाली, "सर, आई खिडकीकडे तोंड करून बसतच नाही. उजेड खांद्यावरून पानावर पडावा लागतो."

तेव्हापासून वास्तुकार ल कॉर्बुझिए मनातून जरा उतरला. त्याची भिंतभर आडवी खिडकी आम्ही सगळ्यांनीच गिरवली. त्याचं घर बाहेर बघतं. त्याच काळातल्या वास्तुकार आडोल्फ लोसचं आत. लोस बैठक बरेचदा खिडकीच्या पायथ्याशी टाकतो. माणसाची पाठ उजेडाकडे, तोंड खोलीकडे.

कामगारांची घरं दोघांनीही केली. बोर्दोजवळ पेसाकला साखर कारखानदार फ्रुजेसाठी कॉर्बुझिएने वसाहत बांधली, 1926च्या सुमारास. राहणाऱ्यांनी आडव्या खिडक्या बुजवून लहान केल्या, सपाट गच्च्यांवर उतरती छपरं चढवली. लोसने 1921 साली व्हिएन्नात एका भिंतीच्या घराचं पेटंट घेतलं: तुळया शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतींवर, पुढची-मागची बाजू हलकी. पाया वाचतो, आणि हलक्या बाजूत खिडकी हवी तिथे सरकते. कुंभारीचं हे घरकुल, म्हणजे गोदूताई परुळेकर वसाहतीतली 10,000 घरं, 2006 साली विडी कामगारांच्या हाती आलं. तिथेही पेसाक घडलंच. फिलिप बूदाँने पेसाकवर पुस्तक लिहिलं, तसं कुणीतरी इथे घराघरात शिरून लिहायला हवं.

हल्लीची मंडळी निळी काच लावून नुसतं 'एलिव्हेशन' विकतात. त्यांना नावं ठेवतो, पण रस्त्याकडची आडवी खिडकी माझ्याच्यानेही सुटत नाही. फोटो झकास येतो.

पाठीमागच्या उजेडाचीही एक अडचण आहे: बाई नेमकी खिडकीखाली टेकली, तर तिचीच सावली सुपात. म्हणून खिडकी कोपऱ्यात सरकवून शेजारी टेकायला दोन फूट भिंत ठेवतो, वर खोल छज्जा. सिल सव्वा फुटावर. मुलगी म्हणते, नऊ इंचांवर घ्या. मला ते बाहेरून बसकं दिसतं, त्यावरून आमचं रोज वाजतं.