फिरकीचा तांब्या

आजीच्या बोलण्यात तंजावर यायचं ते भोसल्यांमुळे नव्हे, छत्रामुळे. नवी नवरी असताना ती सासरच्या मंडळींबरोबर रामेश्वरला गेली होती. "येताना तंजावरकडं छत्रात दोन रात्री काढल्या," असं ती सांगायची आणि माझ्या डोळ्यांपुढं देवळाएवढी थोरली छत्री उभी राहायची. तिच्याखाली आजी, उशाला गाठोडं घेऊन निजलेली. छत्र म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, हे मला पुढं कळलं. पण ते कुठलं, कोणत्या गावचं, हे तिलाही सांगता यायचं नाही. कुणी पैसे मागितले नाहीत आणि भात गरम होता, एवढंच तिच्या ध्यानात राहिलेलं.

त्या यात्रेचा तांब्या मात्र घरात होता. पितळी, बसका, आतून कल्हई केलेला, तोंडाशी आटे आणि वर फिरकीचं झाकण. झाकण काढून उलटं धरलं की तेच फुलपात्र.

१९८९च्या मे महिन्यात परीक्षा संपवून मी तंजावरला निघालो, तेव्हा आईनं तो चिंचेनं लख्ख घासून माझ्या पिशवीत घातला. खिशात साडेतीनशे रुपये. बोरीबंदरहून मद्रास मेल, पुढं एग्मोरहून रात्रीची मीटरगेजची गाडी. सेंट्रलपासून एग्मोरपर्यंत चालत गेलो, रिक्षाचे पैसे वाचवले आणि त्या पैशांचं लिंबू सरबत प्यालो. म्हणजे वाचलं काहीच नाही.

मे महिन्यातल्या तंजावरच्या उन्हाला तिकडं 'कत्तिरी' म्हणतात. कत्तिरी म्हणजे कात्री. हे नाव कुणी दिलं असेल त्यानं दुपारी एक वाजता अनवाणी चालून पाहिलं असणार. लॉजमध्ये खोली परवडत नव्हती म्हणून गच्चीवर चटई घेतली. सहा वाजता ऊनच उठवायचं. मग दहापर्यंत पायी भटकायचं, दुपारी 'मील्स रेडी' अशी पाटी दिसेल तिथं केळीच्या पानावर एकदाच पोटभर भात हाणायचा, रात्री दोन इडल्या. अमर्याद भाताची ती दुपारची पंगत नसती, तर दुसऱ्याच दिवशी परतीची गाडी धरावी लागली असती.

बृहदीश्वराचं देऊळ मी तीन सकाळी पाहिलं, कारण त्याला तिकीट नव्हतं. राजराज चोळानं १०१० साली पुरं केलेलं, शिखर २१६ फुटांचं. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं तिथले गाइड आजही छातीठोकपणे सांगतात. मी तीन दिवस त्याच सावलीत बसलो होतो. गाइडला द्यायला पैसे नसले की असं ज्ञान फुकट मिळतं.

दहा वाजले की फरसबंदीवर पाय ठरेना. मग नैऋत्येकडच्या ओवरीत. तिथल्या दगडी भिंतीवर मराठी आहे. 'भोसलेवंशचरित्र'. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरून घेतलेलं, ओळींमागून ओळी, भिंतच्या भिंत. तीन दिवस एक तमिळ पाटी वाचता न आलेल्या मला ते 'श्री' आणि 'राजे' दिसल्यावर घरचं कुणी भेटल्यासारखं झालं. पाठीला गार दगड लावून मी वाचत सुटलो. घसा कोरडा पडला, तांब्या काढला आणि झाकण फिरेना. उपरण्यानं धरलं, गुडघ्यांत दाबलं. पाणी आत डुचमळतंय, मी बाहेर घामाघूम. तोंडातून एक अस्सल सातारी शिवी गेली.

"मराठे काय?" शेजारच्या खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्यांनी विचारलं.

ते तंजावरचेच, मराठी बोलणाऱ्या घरातले. त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता आणि मधेच असा एखादा शब्द यायचा, की वाटावं हा बखरीतून थेट उठून आला. माझी मराठी त्यांना फार घाईची वाटली. त्यांनी तांब्या हातात घेतला, नखानं आट्यांच्या फटीतून काळपट काहीतरी उकरलं आणि हसले. वाळलेली चिंच! आईनं प्रेमानं घासलेला तांब्या, प्रवासाच्या उन्हात त्या चिंचेनंच बांधून टाकला होता. पायरीच्या कडेवर चहूबाजूंनी हलके ठोके, मग एक झटका. झाकण सुटलं. आतलं पाणी गरम.

ते मला रस्त्यापलीकडच्या मांडवात घेऊन गेले. झावळ्यांचं छप्पर, खाली मातीचे रांजण. नीर मोर, म्हणजे आपलं पातळ ताक. आलं, हिरवी मिरची, कढीलिंब, हिंग. उन्हाळ्यात असे मांडव तिकडं नाक्यानाक्यावर पडतात, येईल त्याला फुकट. मी तांब्या पुढं केला तशी त्यांनी माझा हात धरला, तांब्या उजेडाकडं कलता करून आत पाहिलं. कल्हई शाबूत आहे की नाही, हे पाहत होते! पितळेत ताक कळकतं, हे तीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या घराला ठाऊक होतं आणि मी विसरलो होतो. मग मान डोलावली आणि तांब्या काठोकाठ भरून दिला. नाव विचारायचं राहिलं.

दुसऱ्यांदा गेलो २००६ साली, बायको आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन. पुन्हा मे, कारण शाळेची सुट्टी तेव्हाच, आणि पुन्हा काटकसर, कारण घराचे हप्ते. या वेळी आजीचं छत्र शोधायचं ठरवलं होतं. बसनं ओरतनाडला गेलो. सरफोजींनी त्यांच्या लाडक्या मुक्तांबेच्या नावानं तिथं छत्र बांधलं. दर्शनी भागाला रथाचा घाट, दगडी चाकं, दगडी घोडे. भिंतींचा गिलावा उडालेला, माडीवर पारवे. आजी इथंच उतरली असं म्हणायला काही आधार नाही. तंजावरच्या राजांची अशी छत्रं रामेश्वरच्या वाटेवर बरीच होती.

पण ती कशी चालायची ते कळतं. १७९९च्या तहानं राज्य इंग्रजांच्या हाती गेलं, राजांकडं किल्ला आणि आजूबाजूचं थोडं उरलं. तेव्हा १८०१ साली सरफोजींनी रेसिडेंटला पत्र लिहिलं, की छत्रांना हात लावू नका. त्यात त्यांनी सगळा कारभार सांगितला आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत येईल त्या वाटसरूला भात. शिजवलेला चालत नसेल त्याला कोरडा शिधा. आजारी पडला तर वैद्य, बरा होईतो मुक्काम. पोरक्या मुलांना तीन वेळा जेवण, शाळा आणि चार दिवसांनी एकदा तेलाचं माखणं. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करायचा, की कुणी जेवायचं राहिलं असेल त्यानं यावं.

राजानं राज्यासाठी लिहिलेली पत्रं पुष्कळ असतील. मला भिंतीवरच्या वंशचरित्राहून ही मध्यरात्रीची घंटा मोठी वाटते. तहात गेलेल्या राज्यापैकी एवढं तरी वाचावं म्हणून तो भांडत होता. उन्हातान्हाचा, उशिरा पोचलेला, भाषा न येणारा, लाजून कोपऱ्यात बसलेला माणूस त्याच्या हिशेबात होता. तोच तर मी, गच्चीवरच्या चटईवरचा.

मुलीनं आवारभर फिरून पाहिलं आणि विचारलं, "पण छत्री कुठंय?" छत्र शब्द मुळात 'सत्र'वरून आला, तमिळमध्ये तो 'सत्तिरम' झाला, असं मी तिला सांगायला लागलो. ती ऐकत नव्हती. तिला तहान लागली होती.

गेल्या वर्षी एकटाच गेलो. आता खोलीला एसी परवडतो, त्यामुळे दुपारी ओवरीत बसायचं कारण उरलं नाही, तरी बसलो. गावातल्या कालव्याला, पुदु आऱ्याला, पाणी नव्हतं. मेट्टूरचं धरण रिवाजानं १२ जूनला उघडतं, तोवर पोरं कोरड्या पात्रात क्रिकेट खेळतात. मांडव होता. ताक वाढणाऱ्या मुलीनं कागदी पेला पुढं केला, मी तांब्या दाखवला. पण आतली कल्हई उडाली होती, पुण्यात तीन पेठा फिरूनही कल्हईवाला मिळाला नव्हता. मी पेलाच घेतला.

तुम्ही मे महिन्यात तंजावरला जाणार असाल तर असा तांब्या जरूर न्या. जाण्यापूर्वी कल्हई करून घ्या, आणि चिंचेनं घासल्यावर आटे नीट धुवा.