चैत्याच्या वाटेने निघालेल्या भाचीस

प्रिय पोरी,

त्रिशा ठोसरचा साडीतला फोटो पाठवून ‘मावशी, किती गोड!’ असं लिहिलंस. त्याच रात्री तुझ्या आईचा फोन आला. यंदा दिवाळीला तू मैत्रिणीकडे साताऱ्याला जाणार म्हणतेस म्हणून ती रुसली आहे. मला दोन्ही गोष्टी एकच वाटल्या, म्हणून हे पत्र.

२०२५च्या सप्टेंबरात राष्ट्रपतींच्या हातून राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार घेणारं ते लेकरू साऱ्या देशाने पाहिलं. ‘नाळ भाग २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला. त्रिशाबरोबर श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप यांचाही बालकलाकार म्हणून गौरव झाला. पण कौतुक झालं ते गोडव्याचं. मला मात्र त्या सिनेमात गोडव्यापेक्षा कस जास्त दिसतो.

२०१८च्या पहिल्या भागातला चैत्या आठवतो? नदीकाठचं गाव, विदर्भाची बोली, आईमागे सतत भुणभुण. एरवी आपली बोली पडद्यावर येते ती लोकांना हसवायला. ‘सैराट’चा कॅमेरा सांभाळलेल्या, तेलुगू मुलखातून आलेल्या सुधाकर रेड्डी यक्कंटींनी तिच्यात मायलेकांचं भांडण मांडलं. ही आई, सुमी, आपली जन्मदाती नाही हे कळलं, आणि तिचं रोजचं रागावणंही पोराला पुराव्यासारखं दिसू लागलं.

दुसऱ्या भागात तो पश्चिम महाराष्ट्रातल्या डोंगरातल्या गावी जातो. निघतो जन्मदात्या आईच्या ओढीने, भेटतात भावंडं: चिमी, म्हणजे तुझी त्रिशा, आणि मणी. चिमीचा जीव मणीत अडकलेला, हा नवा भाऊ तिला परकाच. हक्क सांगायला गेलेल्या पोराला आधी दुसऱ्यांचा हक्क ओळखावा लागतो. त्याचं मोठं होणं ते हेच.

१० नोव्हेंबर २०२३ला हा दुसरा भाग लागला आणि दोनच दिवसांत ‘टायगर ३’ आला. आपल्याकडे तर भाऊबीजेपासून गावोगाव मंडईची जत्रा, रात्री दंडारीचा खेळ नाहीतर झाडीपट्टीचं नाटक. त्या गर्दीत चैत्याकडे कोण बघणार! तू मात्र आता सवडीने दोन्ही भाग ओळीने बघ.

कारण तूही त्याच दिशेने गेलीस. वरठीला भंडारा रोड स्टेशनवर महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलीस. धानाच्या बांध्यांतून निघालेली ती गाडी कोल्हापूरच्या उसापर्यंत जाते. तिकडच्या एखाद्या घराने तुला जीव लावला, तर त्यात आईचं काही कमी होत नाही. सुमीला हे कळायला जड गेलं असेल, तुझ्या आईलाही जातंय.

तेव्हा साताऱ्याला खुशाल जा. तुझ्या आईला मी समजावते. फक्त भाऊबीजेच्या सकाळी भावाला फोन करायला विसरू नको, आणि पुढच्या मंडईला त्या मैत्रिणीला इकडे घेऊन ये. रात्रभर नाटक बघायची तयारी ठेव म्हणावं.

तुझी मावशी,
भंडारा