मशीन बिघडलेलं नाही, धार गेलीय!

मे अर्धा सरला. काल दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत गेलो, तर कपाटामागे चेनसॉ दिसला. तोच, निसर्ग वादळानंतर घेतलेला. बंदच होता, म्हणून चेनवरून बोट फिरवलं. टोचलंसुद्धा नाही. शिपाईदादा म्हणाले, "भाऊ, चालत नाही तो. नवीन मागवायचंय."

मंडळी, नवीन कशाला?

३ जून २०२० आठवतोय ना? एनडीआरएफची पथकं आली, पण ती मोठ्या रस्त्यांवर. आपल्या पाखाडीत आडवे पडलेले माड आणि पोफळी आपल्यालाच कापायच्या होत्या. मी उसनं मशीन आणलं. पहिल्या दिवशी झकास चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जाड कपच्या पडायच्या बंद झाल्या, नुसता पिठासारखा भुसा आणि धूर. माडाचं खोड बाहेरून कडक, त्यात वाळू चिकटलेली, धार टिकणार कुठे? मी आपला वरून भार देत राहिलो. पट्टीचं टोक दुसऱ्या खोडाला लागलं आणि मशीन उसळून तोंडावर आलं. हनुवटीपासून चार बोटं लांब. त्या रात्री घास उतरला नाही. घरी अजून सांगितलेलं नाही, आता कळेल.

मग एका सुतारकाकांनी शिकवलं. इंजिन बंद, प्लगची कॅप काढलेली, हातात मोजे. चेनच्या मापाची गोल कानस. लहान मशीनला बहुधा ४ मिमी, मोठ्याला ४.८ किंवा त्याहून जाड, पाकिटावर लिहिलेलं असतं. कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची. बहुतेक दातांच्या माथ्यावर तिरकी रेघ असते, साधारण ३० अंशांची, तिला धरून. सगळ्यात झिजलेला दात आधी, बाकीचे त्याच्या लांबीला आणायचे. मी हाताला सोप्या पडणाऱ्या बाजूचेच दात जास्त घासले, तर काप केळ्यासारखा वाकडा गेला! काका हसून बेजार.

दातापुढचा छोटा उंचवटा चपट्या कानशीने कमी करायचा, दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली. तो मापपट्टी लावूनच. जास्त घासलात तर मशीन आणखी उसळतं. चेन हाताने ओढल्यावर फिरावी, पण पट्टीखाली लोंबू नये. आणि चेनचं ऑइल वेगळं, पेट्रोलमध्ये मिसळतो ते नव्हे. आपल्या मशीनची ऑइलची टाकी कोरडी ठणठणीत आहे, बघून आलो.

मशीन खरेदीचा ठराव झाला, फोटो निघाले, पेढे वाटले. कानस, ऑइल, हेल्मेट आणि धार लावू शकणारी दोन माणसं, याचा ठराव कधी झाला? पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देतोय. सह्या हव्यात.

तोवर येत्या रविवारी सकाळी ८ वाजता माझ्या अंगणात या. कानशी माझ्याकडे आहेत, घरचं मशीन असेल तर घेऊन या. शिपाईदादांनी सरपंचांना विचारून पंचायतीचं मशीन आणायचं कबूल केलंय.