बिल्डरच्या खिशात नक्की किती?

लग्नाच्या बायोडेटात 'स्वतःचा टू बीएचके' असं ठळक लिहिलेलं असतं. त्या टू बीएचकेचे अजून सतरा वर्षांचे हप्ते बाकी आहेत, हे मात्र तिसऱ्या भेटीत, कॉफी पार थंड झाल्यावर कळतं. कंपन्यांच्या बॅलन्सशीटचंही थोडंफार असंच असतं. खोटं काही नसतं हो! सगळं छापलेलं असतं. फक्त कुठली गोष्ट कुठल्या पानावर, कुठल्या नावाखाली टाकलीय, ते शोधायचा पेशन्स हवा.

मी पुण्यातल्या एका फायनान्स कंपनीत क्रेडिट टीममध्ये आहे. कर्ज मागायला आलेल्या धंद्यांचे आकडे वाचायचे आणि 'देऊया' किंवा 'नको' म्हणायचं, हे आमचं रोजचं काम. पण त्यात एक सोय असते. पैसे आपले नसतात. गेल्या डिसेंबरात माझ्यासमोर जी बॅलन्सशीट आली, तिच्यात ती सोय नव्हती.

झालं असं, की माझ्या दादाचं भोसरीत छोटं युनिट आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या-दरवाजे करतो. नऊ कामगार, दोन कटिंग मशिन आणि एक म्हातारा टेम्पो. त्याला एका बांधकाम कंपनीकडून ऑर्डर आली. तीन टॉवरच्या सगळ्या स्लायडिंग खिडक्या, एकूण १ कोटी ९२ लाख. आजवरची त्याची सगळ्यात मोठी ऑर्डर होती ३० लाखांची. वहिनीने तर पेढेसुद्धा आणले. अटी मात्र अशा: अ‍ॅडव्हान्स शून्य, पेमेंट ९० दिवसांनी, आणि प्रत्येक बिलातून ५ टक्के रिटेन्शन म्हणून कापून ठेवणार, ते काम संपल्यावर वर्षाने. इकडे सेक्शन आणि काच आणायची तर व्यापारी आठवड्याच्या वर थांबत नाही. म्हणजे मधल्या काळातला सगळा भार दादाच्या बँक लिमिटवर. आणि त्या लिमिटला तारण काय? आईचं चिंचवडचं घर.

"अगं, लोकांच्या कंपन्या रोज बघतेस, ही एक बघ की," दादा म्हणाला. "हा माणूस मला पैसे देईल का, एवढंच सांग."

खरं तर या प्रश्नासाठी पुस्तकात एक रेडिमेड उत्तर आहे. करंट रेशो. चालू मालमत्ता भागिले चालू देणी. साध्या भाषेत, वर्षभरात जे हातात येणार ते वर्षभरात जे द्यायचं त्याला पुरेल का? स्वतःवरच करून बघा. सेव्हिंग्ज खात्यातले ५० हजार, मित्राला दिलेले १० हजार, मार्चमध्ये सुटणारी ४० हजारांची एफडी. झाले एक लाख. समोर क्रेडिट कार्डाचे ३० आणि बाइकचे वर्षाचे हप्ते ५०, झाले ऐंशी. रेशो १.२५. ठीक आहे, तुम्ही जिवंत आहात. (मित्राचे १० हजार खरंच येणार असतील तर.) कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला सर सांगतात की २ असेल तर आदर्श, १ च्या खाली गेलं की धोका. परीक्षेला तेवढं पुरतं.

दादाच्या कंपनीचे आकडे मिळवायला काही जेम्स बाँडगिरी लागली नाही. एमसीए पोर्टलवर १०० रुपये भरले की कुठल्याही कंपनीने दाखल केलेली कागदपत्रं बघता येतात. पॉपकॉर्नपेक्षा स्वस्त! शिवाय एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना करंट रेशो स्वतःच टिपणांमध्ये छापावा लागतो, आणि तो आधीच्या वर्षापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त हलला तर का हलला तेही लिहावं लागतं. इथे आधीच्या वर्षी १.३८, या वर्षी १.४०. हललाच नाही, त्यामुळे खुलासा नाही. चालू मालमत्ता २१२ कोटी, चालू देणी १५१ कोटी. दादाने फोनवर ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे एक रुपया द्यायला एक रुपया चाळीस पैसे आहेत त्याच्याकडे. झालं की मग!"

नाही रे दादा.

बांधकाम कंपनीची गंमत इथेच सुरू होते. किराणा दुकानात चालू मालमत्ता म्हणजे तेलाचे डबे. महिन्याभरात विकले जातात. पण कंपनी कायद्याच्या नमुन्यात 'चालू' म्हणजे फक्त बारा महिने असं नाही. धंद्याचं जे नेहमीचं चक्र असेल, माल घेण्यापासून पैसे हातात येईपर्यंतचं, त्या चक्रात जे मोकळं होईल तेही चालूच. आणि इमारतीचं चक्र तीन-चार-पाच वर्षांचं असू शकतं. त्यामुळे नुसता पाया खणलेला, सळया आभाळाकडे बघत उभ्या असलेला, अजून बराच काळ कुणी राहायला न जाणारा टॉवरसुद्धा कागदावर 'चालू मालमत्ता' असतो. बँकेतली रोकड आणि अर्धा पिलर एकाच यादीत, एकाच बेरजेत.

मी २१२ कोटी फोडून बघितले. त्यात १४८ कोटींचं अर्धवट बांधकाम आणि जमीन. २९ कोटी त्यांच्याच ग्रुपमधल्या इतर कंपन्यांना दिलेले, मागता क्षणी परत मिळतील असे. अर्थात मागणारे आणि देणारे एकाच डायनिंग टेबलवर जेवणारे. ८ कोटी कर-परतावे वगैरे. २१ कोटी फ्लॅटवाल्यांकडून यायची येणी. आणि रोकड? ६ कोटी. त्यातलेही ४ कोटी प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात. रेरा कायद्यामुळे ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के अशा खात्यात ठेवावे लागतात, आणि काम जेवढं पूर्ण झालं त्या प्रमाणातच काढता येतात. त्यासाठी इंजिनीअर, आर्किटेक्ट आणि सीए या तिघांची सर्टिफिकिटं लागतात. घर घेणाऱ्यासाठी फारच छान नियम. पण बॅलन्सशीट वाचणाऱ्याने ती रोकड मालकाच्या पाकिटातली समजू नये.

आता देणी. इथे उलटा प्रकार असतो आणि तो सांगितला नाही तर बिल्डरवर अन्याय होईल. १५१ कोटींपैकी ४६ कोटी म्हणजे ग्राहकांनी आगाऊ भरलेली रक्कम. ती देणी आहेतच, पण ती पैशांत फेडायची नसतात, फ्लॅटच्या किल्लीने फेडायची असतात. म्हणून मी ती बाजूला काढली. उरले १०५ कोटी: बँका आणि इतरांचं कमी मुदतीचं कर्ज ५४, सप्लायरांची देणी ३८, बाकी किरकोळ १३. यांना पैसेच लागतात. आणि त्यांच्यासमोर पटकन हाताशी येईल असं काय? येणी २१ अधिक रोकड ६, एकूण २७ कोटी. २७ भागिले १०५ म्हणजे ०.२६. आपल्या आजोबांच्या भाषेत, रुपयाला चार आणे.

ऑफिसमध्ये कुणाला हे सांगितलं की हमखास ऐकायला मिळतं, 'अगं, छोट्या बिल्डरांचं असंच असतं, मोठ्या कंपन्या बघ.' मोठीच बघू. चीनची एव्हरग्रांडे. २०२० च्या अखेरीस तिची चालू मालमत्ता साधारण १.९ लाख कोटी युआन होती आणि चालू देणी साधारण १.५ लाख कोटी. करंट रेशो १.२५ च्या वर! पण त्या मालमत्तेचा सगळ्यात मोठा हिस्सा होता बांधून व्हायच्या इमारती. बँकेतली मोकळी रोकड जवळपास १६ हजार कोटी युआन, आणि वर्षभरात फेडायचं कर्ज त्याच्या दुप्पट. २०२१ संपता संपता कंपनीने देणी थकवली, आणि २९ जानेवारी २०२४ ला हाँगकाँगच्या कोर्टाने ती मोडीत काढायचा हुकूम दिला. चीन सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये बिल्डरांसाठी ज्या तीन 'लाल रेषा' आखल्या, त्यात करंट रेशो नव्हताच. त्यात होतं रोकड भागिले कमी मुदतीचं कर्ज, आणि ते किमान १ हवं. सरकारी बाबूंना कळलं होतं की बिल्डरच्या बाबतीत कशाला कशाने भागायचं!

मला मात्र दादाच्या दृष्टीने जास्त लागली ती इंग्लंडच्या कॅरिलियनची गोष्ट. हॉस्पिटलं, रस्ते, रेल्वेची कामं करणारी बडी कंपनी. १५ जानेवारी २०१८ ला बुडाली तेव्हा देणी होती जवळपास ७ अब्ज पौंड आणि खात्यात फक्त २ कोटी ९० लाख पौंड. सुमारे ३० हजार सप्लायर आणि सबकॉन्ट्रॅक्टर अडकले. हे लोक त्याआधीच १२० दिवसांच्या उधारीवर माल देत होते. थोडक्यात, कंपनीचं खेळतं भांडवल कोण होतं? तेच! खिडक्या बसवणारे, वायरिंग करणारे, प्लास्टर मारणारे. दादासारखे. ९० दिवसांची उधारी मागणारा माणूस तुमच्याकडून बिनव्याजी कर्ज मागत असतो, आणि त्याला मी रोज विचारते ते प्रश्न विचारायचा हक्क तुम्हालाही असतो.

आणखी एक खोड. बॅलन्सशीट हा ३१ मार्चचा फोटो असतो, आणि फोटोच्या दिवशी सगळेच केस विंचरतात. समजा मालमत्ता २०० आणि देणी १५०, रेशो १.३३. मार्चअखेर खात्यातले ५० काढून देणेकऱ्यांना देऊन टाकले तर उरले १५० आणि १००. रेशो १.५! कंपनी एका पैशानेही श्रीमंत झाली नाही, उलट रोकड गेली, पण चेहरा उजळला. त्यातून आम्ही तो फोटो बघत होतो डिसेंबरात. नऊ महिने शिळा.

म्हणून मी रेशो सोडून एका वेगळ्याच तक्त्याकडे गेले, आणि माझ्या मते कुठल्याही सप्लायरने सगळ्यात आधी हेच पान उघडावं. २०२१ पासूनच सप्लायरांची देणी किती जुनी आहेत, ते वयानुसार छापावं लागतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची वेगळी, इतरांची वेगळी. इथे ३८ कोटींपैकी ११ कोटी एक वर्षाहून जुनी. आणि त्यांच्यापुढे वाद चालू असल्याची नोंद नाही. म्हणजे माल चांगला होता, बिल मान्य होतं, फक्त पैसे दिले नव्हते. दादासारखी कुठली तरी माणसं वर्षभर त्यांच्या रिसेप्शनमध्ये बसून मासिकं चाळत होती. (रिसेप्शन झकास आहे म्हणे. इटालियन मार्बल, कॉफी मशिन. दादा त्यावर फिदा होता.)

घरात दोन दिवस तणाव. वहिनीचं म्हणणं, अशी ऑर्डर परत येणार नाही. तेही चूक नव्हतं. फ्लॅट विकले जात होते, काम चालू होतं, कंपनी काही उद्या बुडणारी नव्हती. आई काहीच बोलली नाही. तिचं ते न बोलणं मला सगळ्यात जड गेलं. दादा चिडून म्हणाला, "तुमच्या ऑफिसात बसून 'नको' म्हणणं सोपं असतं गं. माझी मशिनं महिन्यातले दहा दिवस बंद असतात." खरं होतं ते. मग मी 'नको' म्हटलंच नाही. म्हटलं, किती रक्कम गेली तरी घर वाचेल ते ठरव, आणि तेवढंच काम घे.

दादाने पर्चेस मॅनेजरला चार गोष्टी सांगितल्या. तीनऐवजी एकच टॉवर, ६४ लाखांचा. ४० टक्के मटेरियल अ‍ॅडव्हान्स. प्रत्येक तीन मजले झाले की बिल. आणि ९० नाही, ४५ दिवस. हा ४५ चा आकडा काही त्याच्या मनाचा नाही. एमएसएमई कायदा २००६ चाच आहे. लघु उद्योगाला त्याच्या आत पैसे दिले नाहीत तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्यात २०२३ च्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकरात अशी पाचर मारली, की ही बिलं मुदतीत दिली नाहीत तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजाच करता येत नाही. दादाकडे उद्यम नोंदणी होती, पण फाइलला लावलेली. ती आता प्रत्येक बिलावर नंबरासकट छापली जाते.

मॅनेजर हसला म्हणे. "एवढ्याशा युनिटला एवढ्या अटी?" आठ दिवस फोन नाही. दादाने माझ्याशी धड बोलणं सोडलं होतं. नवव्या दिवशी फोन आला: अ‍ॅडव्हान्स ३० टक्के, बाकी मान्य. दादाने हो म्हटलं. उरलेले दोन टॉवर दुसऱ्या कुणाला तरी ९० दिवसांच्या उधारीवर गेले.

आतापर्यंत तीन बिलं झालीत. पहिलं एक्केचाळिसाव्या दिवशी आलं. दुसरं बावन्नाव्या, दोन फोन आणि एका पत्रानंतर. तिसऱ्याचा आज सदतिसावा दिवस आहे, आणि जोवर ते येत नाही तोवर दहाव्या मजल्याच्या काचा भोसरीतच आहेत. कंपनीची नवीन बॅलन्सशीट ऑक्टोबरच्या सुमारास पोर्टलवर येईल. त्याचे १०० रुपये या वेळी दादा भरणार आहे.